कुणाच्या हातचं पाणी

ज्या घरात मीठसुद्धा धुऊन घेतलं जाई, त्या घरात लक्ष्मीबाई टिळकांचं बालपण गेलं. नाशिकजवळचं जलालपूर हे त्यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर, सत्तावन्नच्या धामधुमीत फासावर गेले. त्या धक्क्यातून जावयाच्या मनात सोवळ्याचं वेड शिरलं, ते पुढे कधी निघालंच नाही. बाजारातून आलेल्या जिनसांना वाटेत कुणाकुणाचे हात लागले असतील, या एका धास्तीने अख्खं घर पाण्यात बुडालेलं. धान्य धुवायचं हे एक वेळ समजू शकतं. मीठ धुतल्यावर हाताशी उरणार काय? पण वडिलांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. हे सगळं पाणी ओढायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, ते आईने. वडिलांचं वेड आईच्या हातांना निस्तरावं लागत होतं, आणि लहानगी मनू ते पाहत होती.

१८६८ साली जन्मलेली ही मनू अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली. लहरी, शीघ्रकोपी, कवी माणसाच्या संसारात तिने चार दशकं काढली आणि १९३६मध्ये ती गेली. मधल्या काळात तिने लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत छापून आली. मराठी वाचकाला हे पुस्तक ठाऊक नाही असं सहसा होत नाही. कुणी शाळेतला धडा म्हणून वाचलेलं असतं, कुणी विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेल्या चित्रपटात सुहास जोशींच्या तोंडून ऐकलेलं असतं. बहुतेकांच्या मनात राहतात ते टिळकांचे रुसवेफुगवे, त्यांचं घर सोडून निघून जाणं, खिशातला पैसा समोर येईल त्याला देऊन टाकणं, आणि या सगळ्याकडे पाहून बायकोला फुटलेलं हसू. ते हसू खरंच आहे. पण त्या हसण्याच्या आड अर्ध्या शतकाच्या सामाजिक उलथापालथीची एक नोंदवही आहे, आणि तिच्याकडे तशा नजरेने फार थोड्यांनी पाहिलं.

एकोणिसाव्या शतकापासूनच्या सुधारणांचा इतिहास आपण कायद्यांनी मोजतो. १८५६चा विधवाविवाहाचा कायदा, १८९१चा संमतिवयाचा, १९२९चा सारडा कायदा. वर्षं पाठ असतात, सभांमधली भाषणं छापलेली असतात. एका बाईने दुसऱ्या जातीच्या बाईच्या हातचं पाणी पहिल्यांदा कोणत्या सकाळी घेतलं, हे मात्र कुठल्याच गॅझेटात सापडत नाही. ते सापडतं अशा आठवणींच्या पुस्तकात. बदल घरात शिरतो तो उंबऱ्यावरून, माजघरातून, पाण्याच्या हंड्यापर्यंत. आणि हंड्यापाशी राज्य बाईचं असतं. म्हणून त्या काळात नेमकं काय बदललं आणि काय नुसतं बोललं गेलं, याची खरी साक्ष बायकांनीच दिली आहे.

पुण्यातलं पंचहौद मिशनचं प्रकरण पाहा. ऑक्टोबर १८९०मध्ये मिशनच्या आवारात व्याख्यान झालं, चहाबिस्किटं झाली, आणि हजर असलेल्या प्रतिष्ठितांची नावं गोपाळराव जोशींनी छापून आणली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांचीही नावं त्यात होती. एका चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा तंटा, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं. पुढे १८९२मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. राष्ट्रीय सभेच्या उभारणीत ज्यांचा हात होता, अर्थशास्त्रावर ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, तो माणूस चहाच्या पेल्यापाशी अडला. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१०च्या पुस्तकात हे प्रकरण लिहिलं आहे, आणि नवऱ्यावर जीव असलेल्या बाईने ते जितकं प्रामाणिकपणे लिहावं तितकं लिहिलं आहे. त्याच पुस्तकात त्यांच्या इंग्रजीच्या शिकवणीची हकिकत येते. शिकवायला मडम यायची. तिला शिवलं म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायका रमाबाईंना आंघोळीशिवाय आत येऊ देत नसत. नवरा शिक म्हणतोय, सासरच्या बायका आंघोळ कर म्हणताहेत, आणि दोन्ही हुकूम पाळायचे ते एकाच अंगाने. बाहेर सुधारणेची सभा गाजत असताना आत ओलेत्याने कुडकुडणारी ही तरुण बाई डोळ्यांपुढे आणली, तर सुधारणेची किंमत कोणी मोजली ते कळतं.

कोकणात मुरूडला तेच. धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं. गावाने ठराव केला. कर्वे सभेत येऊन बसले तर बाकीच्यांनी उठायचं, आणि त्यांच्या आईने त्यांना घरात घेतलं तर आईवर बहिष्कार. लग्न मुलाने केलं, शिक्षेची टांगती तलवार आईच्या चुलीवर.

लक्ष्मीबाईंची कथा या दोघींपेक्षा अवघड आहे, कारण त्यांना नुसता चहा आडवा आला नाही, धर्मच आडवा आला. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारून नव्हे. तिच्या हाती आलं ते घडून गेलेल्या गोष्टीचं वर्तमान. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. सौभाग्य शाबूत, पण लोकांच्या नजरेत कीव. या अवस्थेला धर्मशास्त्रात नाव नव्हतं आणि नातेवाइकांकडे उत्तर नव्हतं. नाशिक, पंढरपूर असं आप्तांच्या आधाराने तिने जवळजवळ पाच वर्षं काढली. याच दुःखात तिच्या तोंडून कविता फुटू लागली. शाळेत न गेलेल्या, जोडाक्षर लिहिताना अडखळणाऱ्या बाईच्या कवितेचा उगम असा आहे, आणि त्या उगमापाशी थोडं थांबायला हवं. मराठी कवितेत विरह पुष्कळ आहे, पण नवरा डोळ्यांसमोर असून पंक्तीतून गेला, हा विरह तिच्याआधी कुणी भोगून सांगितलेला नाही.

पुढे ती टिळकांकडे परत गेली, ती ब्राह्मण म्हणूनच. हा भाग पुस्तकात सर्वांत मोलाचा. एका छपराखाली दोन चुली, दोन पाणी. टिळकांनी तिच्यावर धर्म लादला नाही. तिचं सोवळं तिला सांभाळू दिलं, त्यासाठी लागेल ती सोय केली. तिनेही त्यांच्या प्रार्थनेत मोडता घातला नाही. रागीट, एककल्ली म्हणून ज्यांची ख्याती, त्या टिळकांची ही सहनशीलता त्यांच्या कुठल्याही कवितेइतकी मोठी आहे. आणि जी बाई नवऱ्यावरच्या मायेने पाच वर्षांनी परत आली, तिने मायेपोटी झटकन धर्म बदलला नाही, यात तिचा कणा दिसतो. ‘पतीच्या मागे पत्नी गेली’ असं तिच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं, तो तिच्यावर अन्याय आहे. ती नवऱ्याच्या घरी गेली. नवऱ्याच्या धर्मात ती स्वतःच्या पायांनी, स्वतःचा विचार पुरा झाल्यावर गेली.

तो विचार कसा पुरा झाला, ते तिने सांगून ठेवलं आहे. नगर जिल्ह्यातल्या मुक्कामातली एक रात्र. झोप नाही. डोक्यात एकच घोळ: जात म्हणजे काय? कुणी केली? गाय, घोडा, कुत्रा यांच्या जाती पाहिल्या की कळतात, सांगाव्या लागत नाहीत. माणसाचं तसं नाही. सांगितल्याशिवाय ब्राह्मण ओळखू येत नाही आणि महारही. म्हणजे ही देवाची करणी नव्हे. देवाने माणसात जाती केल्या त्या दोनच, एक बाईची आणि एक पुरुषाची. बस्स. उजाडलं तेव्हा मनातली जात गळून पडली होती, आणि आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं हे ठरून गेलं होतं.

ना ग्रंथ, ना गुरू, ना मिशनऱ्याचं प्रवचन. स्वयंपाकघरात वावरलेल्या बुद्धीने, रोज दिसणाऱ्या गायीघोड्यांच्या आधाराने, एका अंथरुणावर पडल्यापडल्या हा निवाडा केला. महात्मा फुल्यांनी जातीवर ग्रंथ लिहिले, त्यांच्यामागे वाचन होतं, चळवळ होती. लक्ष्मीबाईंनी त्यांचं काही वाचलं होतं असं पुस्तकात कुठे दिसत नाही. तरी युक्तिवाद एकाच दिशेने गेला. मुद्दा असा की तर्क सगळ्यांनाच करता येतो, पण सकाळी उठून त्या तर्काप्रमाणे पाण्याचा पेला तोंडाला लावणं अवघड. रानड्यांना जे बुद्धीने पटूनही जमलं नाही, ते या बाईला रात्रीतून जमलं. अर्थात रानड्यांच्या मागे सगळं पुणं ओढ धरून उभं होतं, आणि लक्ष्मीबाईंचं गमवायचं ते बहुतेक आधीच गमावून झालं होतं. हाही फरक विसरता येत नाही. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आधी जात गेली, मग धर्म बदलला, हा क्रम त्यांनी स्वतः लक्षात आणून दिला आहे.

नगरच्या ख्रिस्ती समाजात तेव्हा मोठा भरणा महार आणि मांग जातींतून आलेल्या माणसांचा होता. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१पासून चाललेलं. म्हणजे ज्यांची सावली मिठावर पडली असेल या भयाने जलालपूरच्या घरात मीठ धुतलं गेलं, नेमक्या त्याच माणसांत या घराची लेक राहायला आली. शेजार त्यांचा, मंडळी त्यांची, सुखदुःखं त्यांची. पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग. शतक पालटताना पडलेल्या त्या मोठ्या दुष्काळाने पोरकी झालेली मुलं टिळकांच्या घरी आली, राहिली, वाढली. प्लेगमध्ये लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. उवा काढायच्या, गळवं धुवायची, रात्रभर उशाशी बसायचं. धुण्याचं काम इथेही होतंच; फक्त आता माणसाला जवळ घेण्यासाठी धुवायचं होतं. हे सांगताना कुठेही आपण अस्पृश्यतानिवारण केलं असा सूर नाही. कुणाची खोड, कुणाचा हट्ट, कुणाचा आजार, असं ती सांगत जाते. अमक्याची जात अमकी हे सांगायचंही तिला बऱ्याचदा सुचत नाही. जात गेल्याचा याहून भक्कम पुरावा दुसरा कोणता हवा?

याच नगरच्या घरात धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे आला आणि मुलासारखा राहिला. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तो हाच पोरगा. ख्रिस्ती माणसाच्या घरी हिंदू मुलगा राहतो, ख्रिस्ती झालेली बाई त्याला जेवू घालते, आणि दोन्ही धर्मांना काही होत नाही. आज यात कुणाला नवल वाटणार नाही. त्या काळी या एका ताटावरून जातीबाहेर टाकलेली माणसं होती.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांचं चरित्र लिहायचं म्हणून मुलाने, देवदत्त टिळकांनी, आईकडे आठवणी मागितल्या, ही या पुस्तकाची सुरुवात. लेखन नवऱ्याच्या चरित्राचं साधन म्हणून सुरू झालं आणि लिहिणारीचंच चरित्र होऊन बसलं. ‘संजीवनी’ या नियतकालिकातून ते क्रमाने येत गेलं. टिळकांनी अर्धवट टाकलेलं ‘ख्रिस्तायन’ही तिनेच पुढे नेलं, आणि त्यातले बहुतेक अध्याय तिचे आहेत. पण तिचं गद्य तिच्या पद्यापेक्षा फार पुढचं. वाक्य आखूड, बोलण्यातलं, कुठे अडत नाही. टिळकांना ती देव करत नाही, स्वतःला सती करत नाही. मिशनऱ्यांचं चांगलं ते चांगलं म्हणते, वाईट ते वाईट. धर्मांतराच्या कहाण्यांमध्ये ‘आधी अंधार होता, मग उजेड पडला’ असं सांगायची रीत असते. तिच्या पुस्तकात ती नाही. तिच्या आधीच्या आयुष्यातही उजेड होता, माणसं होती, बहिणीची माया होती. आणि नंतरच्या आयुष्यातही उपास, कर्ज आणि भांडणं होती. म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

इथपर्यंत लक्ष्मीबाईंचं कौतुक मनापासून करावं. पण तिथेच थांबलं तर हिशेब अपुरा राहतो.

तिच्या म्हातारपणी, तिच्याच नाशिकात, २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी तीन वर्षं, २० मार्च १९२७ला, महाडला चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकरांनी हातात घेतलं होतं. नाशिकचं दार पाच वर्षं झगडूनही उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही ही आंबेडकरांची घोषणा झाली. पुढच्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या. ही दोन धर्मांतरांची गोष्ट. ब्राह्मण बाईने ठरवलं, आणि एका रात्रीत जात सोडली. तिला कुणी अडवू शकलं नाही. ज्यांच्यावर जात लादलेली होती त्यांना नुसतं ठरवून ती सोडता येत नव्हती. त्यांनी रात्रभर विचार केला असता आणि पहाटे त्यांच्याही मनातून जात गेली असती, तरी सकाळी पाणवठ्यावर ती तशीच उभी असती. वरून खाली उतरणाऱ्याला दार आतून उघडता येतं. बाहेरच्याला ते बाहेरून उघडत नाही.

हे पाणवठ्याच्या पलीकडून लिहिलं बेबी कांबळे यांनी. १९२९चा जन्म, गाव पुरंदर तालुक्यातलं वीरगाव, पुढचं आयुष्य फलटणला. ‘जिणं आमुचं’ १९८०च्या दशकात आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि मग पुस्तकरूपाने आलं. त्यातली एक हकिकत जलालपूरच्या मिठाशेजारी ठेवून वाचावी. महारवाड्यातल्या बायका जळणाच्या मोळ्या घेऊन बामणआळीत विकायला जात. आतली बाई बजावायची, एकेक काटकी नीट बघ, तुझ्या डोक्याचा केस किंवा लुगड्याचा दोरा चिकटून आमच्या घरात यायला नको. मग भर उन्हात, डोक्यावरून ओझं उतरवल्या उतरवल्या, ती बाई एकेक काटकी निरखून आत रचायची. सोवळं वाहून आणणारे हात हे होते. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने सोवळ्याचा जाच आतून पाहिला. त्या जाचाचं दुसरं टोक कुणाच्या पाठीत रुतत होतं, ते आतून दिसत नव्हतं. दोन्ही पुस्तकं जवळजवळ वाचल्याशिवाय एकाही पुस्तकाचा पुरा अर्थ लागत नाही, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे मात्र एक ‘अभिजात आत्मचरित्र’ म्हणून एका फळीवर ठेवलं जातं आणि दुसरं ‘दलित साहित्य’ म्हणून दुसऱ्या, आणि वाचकही वाटून घेतले जातात. ही वाटणी मोडायला हवी.

बेबीताई आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. सासरी नांदायला नको म्हणून पळणाऱ्या पोरींच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवला जाई. तो पाय रक्ताळत ओढत त्या कोवळ्या मुली घरची कामं करत. खोडा घालणारे हात आपल्याच वस्तीतले होते, हे त्यांनी लपवलं नाही. बाबासाहेबांच्या सभेने जेजुरीला आपलं आयुष्य कसं पालटलं हे ज्या पानांत आहे, त्याच पुस्तकात हेही आहे. चळवळीला कमीपणा येईल म्हणून घरातलं झाकून ठेवण्याचा मोह कुणालाही झाला असता.

लक्ष्मीबाईंच्या त्या रात्रीच्या निवाड्यात एक गोष्ट तशीच राहून गेली होती. देवाने केलेल्या दोन जाती, बाई आणि पुरुष, हे तिने मान्य केलं. त्या दोघांत वरची कुठली आणि खालची कुठली, हा प्रश्न तिने त्या रात्री पुढे नेला नाही, जरी तिचा सगळा संसार त्याच प्रश्नाभोवती फिरत होता. न विचारता बाप्तिस्मा घेणारा नवरा, न सांगता घरातून निघून जाणारा नवरा, हे तिने हसत सांगितलं. बेबीताईंना ते हसत सांगणं शक्य नव्हतं. नवऱ्याच्या संशयाचा मार त्यांनी सोसला होता. फलटणला किराणा दुकान चालवत असताना, गिऱ्हाइकांच्या अधल्यामधल्या वेळात, त्या लिहीत. दुकानातल्याच रद्दीतून मिळालेल्या कागदांनी त्यांना वाचनाची गोडी लावली होती. लिहिलेलं मात्र त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. माया पंडितांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा घेतलेल्या मुलाखतीत त्यांनी हे स्वतः सांगितलं आहे. आत्मचरित्रात स्वतःच्या संसाराचं फारसं का आलं नाही, याचंही उत्तर त्यांनी तिथे दिलं: जे सोसलं ते एकटीचं नव्हतं, वस्तीतल्या बहुतेक बायकांचं होतं, म्हणून त्यांनी आपल्या समाजाची गोष्ट लिहिली.